अंजू मॅडमची बिनविजेची वेबसाइट

अंजू मॅडम बोलायला घाबरतात, हे आमच्या कॉलेजात कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. स्टाफरूममध्ये त्या हसल्या की कपाटातले कप वाजतात. पण माइक हातात घेऊन लोकांपुढे उभं राहायचं म्हटलं, की या बाईंच्या घशाला कोरड पडते. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो आणि आमची टेबलं शेजारीशेजारी आहेत, म्हणून मला हे माहीत.

मूळच्या त्या हिंगणघाटच्या. वडील ताराचंदजींचं बाजारात साड्यांचं दुकान. अंजू सहावीत असताना गणेशोत्सवातल्या भाषणाच्या स्पर्धेत ताराचंदजींनी हौसेनं तिचं नाव देऊन टाकलं. विषय होता पाण्याचं महत्त्व. अंजू स्टेजवर गेली आणि म्हणाली, "नमस्कार." जरा थांबून पुन्हा म्हणाली, "नमस्कार." मग तिसऱ्यांदा नमस्कार केला, "पाणी" एवढा एक शब्द उच्चारला आणि खाली उतरली. लोकांना वाटलं पोरीला तहान लागली असेल. कुणीतरी धावत जाऊन ग्लास आणून दिला. तिनं तो रिकामा केला आणि तिथेच तिची वक्तृत्वाची कारकीर्द आटोपली.

पुढे नागपूरला संगणक शिकायला गेल्यावर तिला स्लाइडचा शोध लागला. पडद्यावर अक्षरं आली की लोक पडद्याकडे बघतात, आपल्याकडे कुणी बघत नाही. यापेक्षा मोठं सुख तिला आजवर मिळालं नव्हतं. मग तिनं स्लाइडशिवाय बोलणंच सोडलं. इतकं, की वर्ध्याचा धीरज आईवडिलांसोबत तिला बघायला आला, तेव्हा हिनं ताराचंदजींच्या बैठकीतल्या टीव्हीला लॅपटॉप जोडून ठेवला होता. पहिली स्लाइड 'माझी ओळख', दुसरी 'माझं शिक्षण', तिसरी 'मला येणारे पदार्थ', चौथी 'मला न येणारे पदार्थ'. चौथीत अक्षरं बारीक करावी लागली होती, कारण सगळे मावत नव्हते. शेवटी 'काही प्रश्न?' असं आलं. ताराचंदजी छताकडे बघत बसले. मग धीरजनं शाळेत करतात तसा हात वर केला.

"मागची स्लाइड पुन्हा दाखवता का? भरीत कोणत्या यादीत होतं?"

"न येणाऱ्या."

"मला येतं ते. मी करत जाईन," धीरज म्हणाला, आणि लग्न ठरलं.

तेव्हापासून दोघं वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला राहतात. धीरजचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि भरीत खरोखर तोच करतो. सासूबाईंना नवीन वॉशिंग मशीन कसं चालवायचं, हेही मॅडमनी स्लाइडवरच समजावलं. सासूबाईंनी सगळं शांतपणे बघितलं आणि एकच सूचना केली, "मागे फुलं टाक. लई कोरडं दिसते."

तर अशा या बाईंवर मागच्या वर्षी मोठी जबाबदारी आली. आमच्या कॉलेजात वेब डेव्हलपमेंटची तीन वर्षांची पदवी सुरू झाली आणि तिच्या प्रमुख म्हणून अंजू मॅडमना नेमलं. विभागात दुसरं कुणी नव्हतंच, त्यामुळे प्रमुखही त्याच आणि हाताखालची माणसंही त्याच. ऑगस्टमध्ये पहिल्या तुकडीच्या स्वागताचा कार्यक्रम ठरला. मुलामुलींनी पालकांना घेऊन यायचं, मॅडमनी अभ्यासक्रमाची ओळख करून द्यायची, मग प्राचार्य साहेब पाहुण्यांना घेऊन येणार, दोन शब्द बोलणार आणि शेवटी तर्री-पोहे, म्हणजे वरून झणझणीत लाल रस्सा ओतलेले पोहे. पोह्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. मराठीच्या माणसाकडे ती आपोआपच येते.

मॅडमनी आठवडाभर खपून स्लाइड बनवल्या. फुलंसुद्धा टाकली.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं हॉलच्या दाराशी उभे होतो, तेव्हा पांढरा सदरा-पायजमा घातलेले एक गृहस्थ तरातरा आले. मागून त्यांची मुलगी जवळजवळ पळत येत होती.

"इथं वेबच्या मॅडम कोन हायेत?"

"मीच. या ना, बसा."

"बसाले नाई आलो जी. मी वासुदेवराव, वडनेरचा. हे माही अंकिता. इचं नाव काढाचं आहे."

मॅडम गडबडल्या. "का हो काका? काय झालं?"

वासुदेवरावांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. तो तरी पार्किंगपर्यंत ऐकू गेला असेल. "आमच्या गावच्या पोट्ट्यायनं मले मोबाइलवर वेब दाखवलं. पह्यल्याच भागात खुनावर खून! अन् शिव्या तं अशा, का मी घरातून उठून वावरात गेलो. माह्या पोरीले असं काई बनवाचं नाई."

"बाबा, ते वेबसिरीज राह्यते," अंकिता रडकुंडीला आली होती. "हे वेगळं आहे. वडनेरपासून तेच सांगून राह्यली मी."

"वेब ते वेब."

मॅडमचा चेहरा एकदम उजळला. "काका, तुम्ही फक्त पाच मिनिटं बसा. याच्यावर माझ्याकडे स्लाइड आहे."

आणि खरंच होती. 'वेब डेव्हलपमेंट म्हणजे काय नव्हे' अशी. वासुदेवराव नाखुशीनं पहिल्या रांगेत बसले, पण पिशवी मांडीवरच ठेवली. उठायला सोपं जावं म्हणून.

हॉल भरला. मॅडमनी प्रोजेक्टर सुरू केला, पडद्यावर 'सुस्वागतम्' उमटलं, आणि त्याच क्षणी बाहेर मोठ्ठा धडाका झाला. पंखे गरगरत गरगरत थांबले. आमचे शिपाई बंडूजी बाहेर जाऊन बघून आले आणि दारातूनच ओरडले, "वांदरानं लाइटाच्या डीपीवर उडी मारली! डीपी उडाली!"

"अन् वांदर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते बरं आहे. भिंतीवर बसून पाहून राह्यलं."

कॉलेजात इन्व्हर्टर आहे, पण तो फक्त प्राचार्यांच्या खोलीतला पंखा आणि माशांची काचेची पेटी चालवतो. मॅडमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली, वायर लावली तरच तो जिवंत राहतो. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवला. हॉलमध्ये उकडायला लागलं. लोकांनी माहितीपत्रकांचे पंखे केले. आता सगळ्यांना बघायला मॅडमशिवाय काहीच उरलं नव्हतं.

मॅडम पुढे आल्या. "नमस्कार," म्हणाल्या.

लोकांनी नमस्कार केला.

मॅडम थोड्या थांबल्या. "नमस्कार."

मी मागे पोह्यांच्या पातेल्याजवळ उभा होतो. आता तिसरा येणार हे मला दिसत होतं.

"नमस्कार," मॅडम म्हणाल्या.

"झाला ना जी नमस्कार," वासुदेवराव उठून उभे राहिले. "लाइट येवाले टाइम लागन. तवर पोहे तरी वाटा. वासानं जीव जाऊन राह्यला."

हॉलभर हशा पिकला. मॅडमनी मागे पातेल्याकडे बघितलं, मग वासुदेवरावांकडे, मग पुन्हा पातेल्याकडे. नंतर त्यांनी मला सांगितलं, की त्या वेळी डोक्यात काहीच विचार नव्हता, फक्त या माणसाला दारापर्यंत जाऊ द्यायचं नाही एवढंच होतं.

"काका, बसू नका," त्या म्हणाल्या. "असेच उभे राहा. तुम्ही आता ब्राउझर."

"कोन?"

"मोबाइलमध्ये आपण ज्याच्यातून वेबसाइट उघडतो ना, ते. त्याचं काम एवढंच. जे पाहिजे ते मागायचं आणि आलं की सगळ्यांना दाखवायचं."

"अन् खाचं कोनं?"

"आधी दाखवायचं."

आता मागणाऱ्याला देणारा पाहिजे. मागे पातेल्याला अगदी चिकटून एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या. कौशल्याबाई त्यांचं नाव, गिरडच्या. दर्ग्याच्या टेकडीखाली त्यांचं अगरबत्ती, फुलं आणि रेवड्यांचं दुकान आहे. नात मोहिनीला सोडायला आल्या होत्या आणि जागा अशी निवडली होती, की पहिली प्लेट आपलीच.

"आजी, तुम्ही सर्व्हर," मॅडमनी लांबूनच सांगितलं.

"काय म्हंते वं हे?" कौशल्याबाईंनी मोहिनीला विचारलं.

"आजी, तुले दुकान सांभाळाचं आहे. कोनी मांगलं तं द्याचं."

"मंग असं सांग ना सरळ." आजींनी पदर खोचला आणि माझ्या हातातला झारा काढून घेतला.

मॅडमनी नवीन पोरापोरींना पहिल्या रांगेपासून पातेल्यापर्यंत एका ओळीत उभं केलं. "तुम्ही इंटरनेट. काकांचा निरोप कानात सांगत सांगत आजींपर्यंत न्यायचा." त्यांचा आवाज आता कापत नव्हता. कारण लोक त्यांच्याकडे बघतच नव्हते, सगळे वासुदेवरावांकडे बघत होते. मॅडमच्या दृष्टीनं पडदा तयार झाला होता.

वासुदेवराव घसा खाकरून पहिल्या पोराच्या कानात म्हणाले, "एक प्लेट पोहे. तर्री कमी, शेव जास्त." कानात म्हणजे सगळ्या हॉलनं ऐकलं. पण तरीही मधल्या पोरापोरींनी इमानदारीनं तो निरोप कुजबुजत पुढे नेला आणि कौशल्याबाईंपर्यंत पोचला तो असा: "पोहे. तर्री जास्त. सेवा भावानं द्या."

आजींनी प्लेट भरली आणि सेवाभावानं दोन झारे तर्री ओतली. ती प्लेट हातोहात पुढे आली. वासुदेवरावांनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली, एक घास घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"हे काय जी! मी काय मांगलं अन् हे काय आलं?"

"याला बग म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "आपण पहिलं सेमिस्टर हेच शोधत बसणार आहोत, की तो कुठे झाला."

पाणी पिऊन वासुदेवराव शांत झाल्यावर मॅडमनी ती प्लेट हातात घेतली. "हे बघा. नुसते पोहे, ते एचटीएमएल. म्हणजे पानावर काय काय आहे, तेवढंच. वरून शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड, ती सीएसएस. तिनं पोट भरत नाही, पण तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही."

"अन् तर्री?" अंकितानं विचारलं.

"तर्री म्हणजे जावास्क्रिप्ट. आत गेल्यावर काहीतरी घडतं, ते तिच्यामुळे."

"खरं आहे," वासुदेवराव नाक पुसत म्हणाले. "घडून राह्यलं."

मग त्यांना जोरच चढला. त्यांनी दुसरी मागणी पाठवली, श्रीखंडाची. ओळ हसत हसत कौशल्याबाईंपर्यंत गेली.

"नाई," आजी म्हणाल्या.

"आजी, नसलेलं मागितलं, तर सर्व्हर 'चारशे चार' म्हणतो," मॅडमनी समजावलं.

"काऊन? नाई ते नाई. गिऱ्हाइकाले आकडे कायले सांगाचे? त्याले वाटन चारशे चार प्लेटा आहेत."

मॅडमनी चारशे चार तिथेच सोडलं.

एव्हाना आजींनी दुकान पूर्ण ताब्यात घेतलं होतं आणि रांगेतल्या पोरांना प्लेटा द्यायलाही लागल्या होत्या. एक उंच मुलगा दुसऱ्यांदा प्लेट मागायला आला, तेव्हा त्यांनी झारा आडवा धरला. "कोनाचा रे तू?"

"मी चंदन. गिरडचाच, आजी. तुमच्याच गावचा."

"असं का? मंग माह्या दुकानासमोर काय आहे सांग."

चंदन होता समुद्रपूरचा. त्यानं डोकं खाजवलं. "पार्किंग?"

"बकरी! पाच वर्सांपासून तिथंच बांधून राह्यते. चाल, हट."

"वा!" मॅडम ओरडल्याच. "मुलांनो, हा पासवर्ड. तुम्ही कोण, हे विचारून मगच आत घ्यायचं. दुसऱ्या वर्षी आपण हे शिकणार. सर्व्हर, पासवर्ड, माहिती कुठे ठेवायची, सगळं. आणि तिसऱ्या वर्षी खरे ग्राहक. वर्ध्यातल्या खऱ्या दुकानांच्या वेबसाइट तुम्ही बनवायच्या, आणि ते दुकानदार आजींसारखेच असतील, तयारीत राहा."

पालकांमध्ये कुजबूज सुरू झाली, माना डोलायला लागल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, "आता समजलं वं. दुकानच आहे हे." मी मनातल्या मनात हात जोडले. सगळं ठीक चाललं होतं आणि नेमके तेव्हाच प्राचार्य साहेब पाहुण्यांना घेऊन दारात आले.

त्यांना दिसलं ते असं: हॉलमध्ये अंधूक उजेड, भाषणाच्या जागी सदऱ्यावर तर्री सांडलेले एक गृहस्थ, हॉलच्या मधोमध कानात बोलणाऱ्या पोरांची रांग आणि कॉलेजचा झारा हातात घेतलेली एक अनोळखी आजी. साहेबांना काहीच कळलं नाही. पण पाहुणे भुकेले होते आणि त्यांना पोहे दिसले. ते सरळ पातेल्याकडे वळले. पाहुणे गेले म्हणून साहेब गेले. साहेब गेले म्हणून मागचे पालक उठले, पालक उठले म्हणून इंटरनेट तुटलं, आणि क्षणात पातेल्याभोवती गर्दीच गर्दी झाली.

"मले! मले!" "इकडे एक!" "शेव नको!" "शेव जास्त!"

कौशल्याबाईंनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे बघितलं. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झाकणावर झारा. मग खुर्चीत बसून डोळे मिटून घेतले.

"बंद," त्या म्हणाल्या. "आता कोनालेच नाई."

मागून अंजू मॅडमचा आनंदानं फुटलेला आवाज आला, "सर्व्हर डाउन! बघा, बघा! निकालाच्या दिवशी साइट उघडत नाही ना, ते हेच!"

प्राचार्य साहेब अदबीनं पुढे झाले. "आजी, मी या कॉलेजचा प्राचार्य आहे."

आजींनी एक डोळा उघडला. "असन. कोनाचा तू?"

साहेबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दुसरीकडे बघितलं. शेवटी त्यांनी हळू आवाजात वडलांचं नाव सांगितलं, मग गावाचं.

"बरं. लायनीत ये."

साहेब रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागे पाहुणे आणि त्यांच्या मागे सगळा हॉल. आजींनी झाकण उघडलं आणि पुढची सगळी मंडळी सुरळीत जेवली म्हणायला हरकत नाही, इतके पोहे प्रत्येकाला मिळाले. लाइट आली तेव्हा दुपार उलटून गेली होती. कुणाच्या लक्षातही आलं नाही, फक्त पंखा लागला म्हणून कागदी प्लेटा उडायला लागल्या, तेवढंच.

वासुदेवराव निघताना मॅडमपाशी आले. पिशवी काखेत, सदऱ्यावर लाल डाग. "मॅडम, एक सांगा. खरं सांगजा. याच्यात शिव्या नाई ना?"

मॅडम खोटं बोलत नाहीत. त्या जरा घुटमळल्या. "आहेत, काका. पण त्या कुणी दुसऱ्याला देत नाही. लिहिलेलं चाललं नाही, की ज्याच्या त्यानं कॉम्प्युटरला द्यायच्या असतात."

वासुदेवरावांनी विचार केला. "तं चालते. मी बी ट्रॅक्टरले देतो." मग अंकिताकडे वळून म्हणाले, "राह्य इथं. पन हळू देत जाजो."

अंकिता पहिल्यांदा हसली. मोहिनीनं तिचा हात धरला आणि दोघी वसतिगृहाकडे पळाल्या. अंजू मॅडम रिकाम्या हॉलमध्ये एका खुर्चीवर धपकन बसल्या. मी त्यांच्यासाठी राखून ठेवलेली प्लेट नेऊन दिली.

"सर, मी किती वेळ बोलले हो?"

"कुणी बघितलं नाही, मॅडम."

"मला वाटलं होतं मी मरेन," त्या म्हणाल्या आणि सगळे पोहे संपवले.

ती तुकडी पुढे नीट रुळली. दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी सगळ्यांना आपापलं पहिलं पान बनवायला सांगितलं. अंकितानं वर स्वतःचं नाव टाकलं, खाली वडनेरचं, त्याखाली वडिलांच्या वावराचा फोटो आणि अगदी तळाला एक मोठं हिरवं बटण. ते पान तिनं घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही स्टाफरूममध्ये चहा घेत होतो, तेव्हा मॅडमचा फोन वाजला. स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"मॅडम, वासुदेवराव बोलून राह्यलो, वडनेरवरून. पोरीचं पान पाह्यलं. लय झकास आहे. पन ते हिरवं बटन मी सकाळपासून दाबून राह्यलो, काईच होत नाई."

"काका, बटणाचं काम पुढच्या सेमिस्टरला आहे. आत्ता ते नुसतंच आहे."

पलीकडे बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

"म्हंजे होईन ना पन काहीतरी?"

"होईल, काका."

"बरं मंग," वासुदेवराव म्हणाले. "मी मधामधात दाबून पाहत जाईन."